करदोडा दोन बोटं सैल

सेलम, ३ मार्च

फोनमधलं ते जेवण मोजायचं ॲप काढून टाकलं. भाकरीला एवढं, आमटीला तेवढं, रोज भरत बसायचं. ब्याण्णव किलोवरनं शहात्तरवर आलो त्याच्यामुळंच, खोटं कशाला बोलू. पण ताट आलं की आधी फोन, मग घास. शेजारच्या भट्टीवर सोनं गाळणारा आमचा गुंडा म्हणला, लेका जेवतोस का परीक्षा देतोस! मी तर सातवीलाच शाळा सोडली.

आता न मोजता शहात्तरवर राहायचं. जमंल का, बघू.

१० मार्च

माप एकच ठेवलंय — करदोडा. आईनं कमरंला बांधलेला काळा दोरा, वजन उतरल्यावर मीच आवळून घेतलेला. दोन बोटं आत गेली की ठीक. एकच गेलं तर रात्रीची एक भाकरी कमी. आमच्या गलाईच्या दुकानात सोनं तोलायचा काटा हाय, गुंजभर फरक दाखवतो. माणसाला दोरा पुरं.

भात एकदाच वाढून घ्यायचा. परत पातेल्याकडं जायचं न्हाई. संध्याकाळी स्टेशनपतुर चालत. बसून राहायला मला तसंबी जमत न्हाई.

१९ मार्च

शेठच्या पोराचा वाढदिवस. सहा डोसे हाणले.

२० मार्च

सकाळी भूकच न्हाई. दुपारपतुर खाल्लं न्हाई. पोट सांगतंय की! आपणच ऐकत नव्हतो.

गाव, ६ एप्रिल

जत्रेला विट्याला उतरून घरी आलो. आई दारातच रडायला लागली. पोराला भट्टीवरच्या ॲसिडच्या धुरानं खाल्लं म्हणं. सोनं गाळायला गेलेलं पोरगं वाळून आलं की गावात एकच अर्थ. आणि पोट सुटून आलं तर शेठ झाला! मागल्या जत्रेला दोन जिनं चढलं की धाप लागायची. तवा सगळी म्हणत व्हती, बरं अंग धरलंय.

८ एप्रिल

ठरत आलेलं लग्न अडलं. क्रांती शिराळ्याची. मागल्या वर्षी बघायला गेलो तवापासनं डोक्यातनं जात न्हाई. आज तिचं केरबामामा आलं. मला उजेडात उभं केलं, मागनं-पुढनं बघितलं, बैल बघावा तसं. मग आईला म्हणलं, "पोरगं आतनं पोखरलंय. कशाला लपवताय?"

मी म्हणलं, तपासून घेऊ.

११ एप्रिल

मिरजेला जाऊन आलो. रक्त, साखर, छातीचा फोटो. सगळं बरोबर. डॉक्टरनं विचारलं, वजन कशानं धरून ठेवलंस? करदोडा दाखवला. हसलं. म्हणलं, असंच चालू दे.

मामांना कागद दाखवला. त्यांनी वाचला बी न्हाई. "कागद कुणीबी देतंय. दहा किलो वाढवून दाखीव, मग बोलू."

१५ एप्रिल

आईनं बेसनाचं लाडू केलं. वरनं तुपाची वाटी. लग्नापुरतं खा रं, मागनं उतरव, एवढंच लावलंय. चार दिवस खाल्लं. क्रांतीसाठी खाल्लं. दोरा रुतायला लागला. आज माडीवर चढताना तीच जुनी धाप. अर्ध्या ताटावरनं उठलो. आईनं लाडवाचा डबा जोरात बंद केला.

शिराळ्याकडनं नकार येणार बहुतेक.

१६ एप्रिल

क्रांतीचा मेसेज. पहिलाच. "वजनाचं मामांना बघू द्या. मला एवढं सांगा, भट्टीपुढं रोज किती तास असता?"

ॲसिडनं खाल्लं म्हणणारी गावभर. पण हे कुणी विचारलं न्हाई. मी बी सोताला कधी न्हाई. खरं तेच लिहिलं — दहा.

लगेच उत्तर आलं. दोनच शब्द.

"भट्टी सोडाल?"