पोट दुखतं म्हणाली होती

४ तारीख, सोमवार
सुनेला साप चावला. तेही डॉक्टरनं सांगितलं म्हणून कळलं — अंगावर ओरखडासुद्धा नाही. खाली जमिनीवर झोपली होती. पोट दुखतं म्हणाली. मग पापण्या उघडेनात, मग जीभ जड. आता घशात नळी, आणि श्वास मशीन घेतंय.
डॉक्टरनं खाटेपाशीच विचारलं, "कधीपासून दुखत होतं?"
मी म्हटलं, "दुखतं म्हणाली आणि मी लगेच सगळ्यांना उठवलं."
थाप मारली. खरं इथेही लिहवत नाही.

५, मंगळवार
बोट हलत नाही, पापणी हलत नाही. मुलाला म्हटलं, दोन घास खा. माझ्यावरच खेकसला.

६, बुधवार
धाकटे दीर आले. तिच्या उशाशी उभं राहून म्हणतात, "यात काही उरलं नाही, वहिनी. घरी नेऊ."
म्हटलं, "तुम्हाला घरी जायचं तर जा, दार उघडंच आहे."
मुलगा बिलाचे कागद चाळायला लागला. ते चाळणं मला आवडलं नाही.
नात विचारते, आईचे डोळे कोणी चिकटवले?

७, गुरुवार
रात्री आत एकालाच सोडतात. नर्स लांब होती. कानाशी वाकले.
"ऐक गं. त्या रात्री तीनला उठवलंस मला. मी म्हटलं, धुण्याच्या कपड्यांचा ढीग बघून दुखतंय तुझं पोट. आणि कूस बदलली. तीन तास गेले त्यात. तुझ्या नवऱ्याला सांगितलं नाही मी. सांगणारही नाही, घरात ठेवायचा नाही तो मला. आणि तू गेलीस तर पोरीच्या वेण्या कोण घालणार? माझी बोटं वळत नाहीत."
मढ्याशी भांडून आले.

८, शुक्रवार
नर्स चादर बदलताना म्हणत होती, "कुशीवर वळवते हं, ताई."
म्हटलं, "भिंतीशी बोल, ती तरी ऐकेल."
"आजी, विषानं स्नायू बंद पडलेत, डोकं नाही. ताई पहिल्या दिवसापासून सगळं ऐकत असणार."
खाटेचा दांडा धरून उभी राहिले.

१०, रविवार
पायाचा अंगठा हलला म्हणे. मी आत गेले नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

१२, मंगळवार
नळी काढली. आवाज फाटका. मुलानं विचारलं, "कधीपासून दुखत होतं गं?"
तिनं माझ्याकडे पाहिलं.
"दुखतं म्हणाले आणि आईंनी लगेच सगळ्यांना उठवलं."
शब्दाला शब्द माझीच थाप.
आता जन्मभर माझ्या डोक्यावर बसणार ही. बसू दे.