हिचा नंबर

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
सकाळी रुग्णालयातून फोन. स्मृतिभ्रंश विभाग. "तुमचा नंबर लागलाय. येत्या गुरुवारी पेशंटला घेऊन या." हिचे नाव दीड वर्षापूर्वी नोंदवले होते. हिला जाऊन तीन आठवडे झाले. तसे सांगेपर्यंत त्या बाईंनी फोन ठेवलासुद्धा. संपूर्ण जिल्ह्यासाठी एक डॉक्टर, तोही महिन्यातून एकदा येणारा — आणि घाई मात्र यांना!
गुरुवारी जाणार. एकटाच. चार शब्द सुनावून येणार.

१० फेब्रुवारी
काय बोलायचे ते लिहून काढले. पुन्हा पुन्हा खोडले. प्रत्येक वेळी वाक्याच्या शेवटी शिवी येत होती.

११ फेब्रुवारी
धाकटी मेहुणी आली होती, मुलाबरोबर. माझ्या हातात चहा देऊन विचारते, "भाऊजी, ताई अंघोळीला गेलीय का?" ताईच्या अंत्ययात्रेत सर्वांत मोठ्याने रडलेली ती हीच.
मुलगा ओशाळून हसला. "वय झालंय हो काका. होतंच असं."
होतंच असं! दवाखान्यात तेच, शेजारीपाजारी तेच. हिला शेगडी ओळखू येईनाशी झाली, तेव्हाही तेच. अखेरीस घास गिळायचा कसा हेही आठवेना, तेव्हाही तेच. आईला दाखवून घे, असे मी शक्य तितक्या शांतपणे म्हणालो.
"नको काका. लोक वेडी म्हणतील तिला."
त्यानंतर मी जे बोललो ते येथे लिहीत नाही.

१२ फेब्रुवारी
रुग्णालयात फोन केला. हिचा नंबर तिच्या बहिणीला द्यावा, इतकीच विनंती.
"नाव बदलता येत नाही, काका. नवीन नाव शेवटी लागणार."
शेवटी म्हणजे केव्हा?
"दीड-दोन वर्षं धरून चाला."
म्हणजे गेलेल्या माणसाची खुर्ची रिकामी राहिलेली चालेल. जिवंत माणसाने तीवर बसायचे नाही. हा यांचा नियम. आणि मी जन्मभर नियम पाळत आलो.

१४ फेब्रुवारी
मेहुणीच्या मुलाची परवानगी मागितली नाही. उद्या नेणार, असे कळवले.

गुरुवार, १५ फेब्रुवारी
खिडकीतल्या बाईंनी हिचे नाव पुकारले. "पेशंट कोण तुमच्या?"
"पत्नी."
शेजारून खणखणीत आवाज आला, "काहीतरीच काय! भाऊजी आहेत हे माझे."
बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले.
"विसरते ती," मी म्हणालो.
त्यांनी हिच्या नावापुढे लिहिले — हजर.