पिशवीबाहेरचं पाणी

सोमवार, ४ तारीख
आज प्रयोगशाळेत रुजू झाले. भाचीने शब्द टाकला म्हणून काम मिळालं. ती इथे संशोधन करते. माझी बहीण गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती. आम्ही दोघांनीच वाढवली. हे जाऊनही आता दीड वर्ष झालं. अजून सकाळी हात दोन कपांकडे जातो, तेव्हा घराबाहेर पडलेलं बरं.

काम काचेच्या नळ्या-बाटल्या धुण्याचं. साध्या पाण्याने तीनदा, शुद्ध पाण्याने तीनदा. मी म्हटलं, नव्या सुनेकडूनही कोणी एवढं घासून घेत नाही. तंत्रज्ञ खो खो हसला. उंच, काडीसारखा मुलगा. थेंब मोजायच्या नळीवरून सगळे त्याला पिपेट म्हणतात. म्हणाला, मावशी, इथे माणूस चुकला तर चालतो, थेंब चुकता कामा नये. प्रयोगशाळा ज्यांची, त्या सरांनी स्वतः चहा आणून दिला. मोठ्या माणसाचं हे मला आवडलं.

बुधवार, ६
हे पुस्तकबांधणी करायचे. पानं लावता लावता मी वाचायला लागले, म्हणून विचारायची खोड आहे. सरांनी न कंटाळता सांगितलं. एका जीवाणूत एक एन्झाइम असतं, म्हणजे कामकरी प्रथिन. ते एक अमिनो आम्ल तोडतं. कर्करोगाच्या काही गाठींच्या पेशींना तेच आम्ल लागतं, म्हणून कधीतरी औषध होईल अशी आशा. त्याआधी हे एकटं गर्दीतून वेगळं काढायचं आणि त्याचा स्वभाव मोजायचा: किती उष्णता सोसतं, किती आंबट चालतं, किती वेगाने तोडतं. प्रत्येक माप तीनदा. एकदाचं माप म्हणजे अफवा, असं सर म्हणतात.

जीवाणू फोडतात, गरगर फिरवतात, मीठ घालून साका धरवतात. तो साका एका पातळ पिशवीत भरून मोठ्या भांड्यात टांगतात. बारीकसारीक ते पिशवीतून झिरपून जातं, एन्झाइम आत राहतं. बाहेरचं पाणी दिवसातून तीनदा बदलायचं. जुनं पाणी मी मोरीत ओतते. शेवटी एक थेंब रसायनाच्या नळीत टाकतात. पिवळं झालं तर एन्झाइम जिवंत.

मंगळवार, १२
सरांची अकरा वर्षं यात गेली आहेत. आज एन्झाइम पहिल्यांदा पूर्ण शुद्ध निघालं. आणि पिवळं झालंच नाही. तिन्ही नळ्या पाण्यासारख्या. जितकं शुद्ध तितकं मेलेलं. सरांनी फ्रीजचं दार लाथेने लावलं. पिपेटची बोटं आत होती. दोन मोडली. तो ओरडत होता आणि सर नळ्या उजेडात धरून पाहत होते.

भाचीला म्हटलं, सोड हे. ती म्हणाली, मावशी, प्रबंधावर त्यांची सही व्हायची आहे, चार महिने काढते.

गुरुवार, १४
फुटक्या नळीने माझं बोट कापलं. एक थेंब सरांच्या नळीत पडला. मी नळी ओतून टाकायला उचलली. पण नळी पिवळी झाली. हळदीसारखी. सरांनी माझा हात धरला आणि दाबला. आणखी तीन थेंब. तिन्ही नळ्या पिवळ्या. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. हात मात्र सोडेनात. भाचीने ओढून सोडवला.

शनिवार, १६
संस्थेला आठवडाभर सुट्टी. कामासाठी सरांनी आम्हा तिघांनाच बोलावलं. फोन नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात. दुपारी कळलं, कपाटाला कुलूप आहे. जिन्यालाही. खिडक्यांना गज. किल्ल्या सरांकडे.

सरांना आता रक्ताचं माप हवंय. तीन माणसं, प्रत्येकाचं तीनदा. भाची म्हणाली, विकतचं मिळतं. सर म्हणाले, त्यात गोठू नये म्हणून औषध मिसळलेलं असतं. सुरी त्यांच्या हातातच होती. आधी माझं घेतलं. सुई नव्हे. डाव्या हातावर तीन चिरा, एकीखाली एक, पट्टी लावल्यासारख्या.

रविवार, १७
पिपेट नाही म्हणाला. सरळ दाराकडे गेला. सरांनी मागून सुरी मानेत घातली. मग पुन्हा. मग पुन्हा. तो माझ्याकडे बघत खाली बसला, जसं कोणी दमून बसतं. सरांनी चंचुपात्र धरलं. भरून वाहिलं. मी फरशी पुसली. सांगितलं म्हणून पुसली —

त्याची आई रोज त्याला जेवलास का म्हणून फोन करायची.

सोमवार, १८
भाचीचं पुस्तक रात्रभर पुरवून पुरवून वाचलं. काही एन्झाइमांना एक सोबती लागतो. इवलासा. एका जीवनसत्त्वापासून होतो. रक्तात असतो. जीवाणूतही असतो — आणि पिशवीतून झिरपतो.

म्हणजे तो सोबती मीच रोज मोरीत ओतत होते. देवा.

भाची म्हणाली, शुद्ध सोबत्याची बाटली फ्रीजमध्ये पडून आहे, दुसऱ्या कुणाच्या कामाची. त्यातली चिमूटभर पूड घातली. नळी पिवळी. तीनदा केलं. तिन्ही पिवळ्या. रक्ताचा थेंब नाही. पोरीने मला मिठी मारली.

सरांना दाखवलं. त्यांनी एकेक नळी उजेडात धरली. मग तिन्ही नळ्या भिंतीवर फोडल्या. हळूच म्हणाले, मावशी, हे खरं असेल तर तो पोरगा उगाच गेला. मग म्हणाले, म्हणून हे खरं नाही.

पोरीचे केस धरले. मी चावले. त्यांनी माझं तोंड ओट्यावर —

सोमवार, तीच तारीख
कोल्डरूममध्ये कोंडलंय. चार अंश. दोन दात गेले. कडी बाहेरून. पोरीचे ओठ निळे. माझं लुगडं तिच्याभोवती गुंडाळलंय.

दाराआडून म्हणाले, पोरीला पुढे कर. मी म्हटलं, माझं घ्या, सगळं घ्या. म्हणाले, तुमचं माप झालंय.

माझी मापं झाली. पिपेटची झाली. हिचीच —

पोर म्हणते, मावशी, मी जाते, तू वाचशील. थोबाडीत दिली. पहिल्यांदाच आयुष्यात.

लोखंडी स्टँड आहे, नळकांडी टांगायचा. सोडवला. जड. डाव्या हातात जोर नाही. स्टँड दोन्ही हातांनी धरला की उचलतो.

मी आजवर पाल मारली नाही. डोकं कुठे मऊ असतं ते पोरीला विचारलं. तिने कानामागे बोट ठेवून दाखवलं.

पावलं. कडी —

पेन्सिल पोरीकडे देते. पुढचं तीच लिहील