अठरा फूट आणि वर सव्वापाच इंच

लातूर, गुरुवार, दिवेलागण

आज क्लासमध्ये वर्गमूळ काढणारी माझी जुनी शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरवरचा छोटासा प्रोग्रॅम, दाखवली. ३४० चं उत्तर आलं १८. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, कॅल्क्युलेटर तर १८.४३ दाखवायलंय." हसत समजावलं, की शेल अपूर्णांक टाकून देतं, आधी दहा हजारांनी गुणायचं, मग मूळ काढून शेवटची दोन घरं सोडून दशांश चिन्ह द्यायचं. बोलता बोलता खडू हातात तसाच राहिला.

भूकंपानंतर एका गावात घरं बांधताना, कोपरे काटकोनात यावेत म्हणून, बारा बाय चौदाच्या खोलीचा कर्ण मी याच स्क्रिप्टनं काढून दिला होता. १४४ अधिक १९६, म्हणजे हेच ३४०; उत्तर अठरा फूट. वरचे सव्वापाच इंच गेले कुठं? तेव्हा कसं दिसलं नाही मला? कुणाकडून न शिकता शिकलो, याचाच तोरा.

खोली तिरकी झाली आणि सगळ्यांसमोर मी ती बांधणाऱ्या गफार मिस्त्रींना बोललो. तेव्हापासून त्या गावात ते 'तिरपे मिस्त्री'.

क्लास सुटल्यावर त्यांच्या घरी गेलो, सगळं सांगितलं.

"मला तवाच ठाव होतं. कोपरा गुण्यात, काटकोनात हाय का, ते तीन-चार-पाचची दोरी धरून बघितलं होतं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की सर. तुम्ही म्हणलात, कॉम्प्युटर चुकत नसतो, तुमची दोरी चुकती."

खरंच म्हणालो होतो. सव्वापाच इंच.

उद्या त्या गावी जाऊन सगळ्यांना सांगतो, चला माझ्यासोबत, म्हटलं. त्यांनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला.

"तुम्हीच जा सर. मला तिथं कुणी बस म्हणत न्हाई."