आईच्या मेसेजचा सूर

४ जून
ठरलं. 'लेखकाचा सूर आणि दृष्टिकोन' हे क्लासच्या पुस्तकाचं प्रकरण पंधरा दिवसांत लिहून हातावेगळं करायचं. क्लासचे संचालक म्हणाले, उताऱ्यात पोरं याच प्रश्नावर आपटतात. म्हटलं, माझ्यावर सोडा. एकोणीस वर्षं हेच शिकवतोय. ओळीमागचं मला वासावरून कळतं.

६ जून
नमुने खऱ्या आयुष्यातले हवेत. आईचे मेसेज घेतो. ती दोन बस बदलून जावं लागतं तिथे एकटी राहते, रोज सकाळी एक मेसेज टाकते. आजचा: 'कप पुन्हा हातातून सुटला. डावा हात ऐकत नाही.'
सूर: मिश्किल. हाताला हट्टी पोरासारखं रंगवलंय.

९ जून
आई: 'वेळ असला तर ये. नसला तर राहू दे.'
सूर: तटस्थ. कच्चे विद्यार्थी 'आर्जवी'वर खूण करतील. रविवारी जायचं. नक्की.

१२ जून, रविवार
गेलो नाही. प्रकरण रंगात आलंय, अर्धवट सोडवत नाही.
ताईचा फोन. म्हणे आई बोलताना अडखळते. मी समजावलं, वयानुसार बोलण्यात ठेहराव येतो. ताई म्हणाली, तू फारच शहाणा आहेस बाबा. ती सहसा कौतुक करत नाही.

१५ जून
आई: 'जिना नको वाटतो.' तीन शब्द. शैली आटोपशीर होत चाललीय.
संचालकांना नमुने दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढला. म्हणाले, सर, तुमचे तास मी घेतो, तुम्ही आत्ता घरी जा. मेहनतीची कदर आहे माणसाला. घरी येऊन चार पानं लिहिली.

१७ जून
आई: 'येशील'
प्रश्नचिन्ह नाही, म्हणजे विधान. सूर: ठाम विश्वास. उत्तर पाठवलं: सोमवारी.

१८ जून
मेसेज नाही. दोनदा फोन केला. उचलला नाही. झोपली असेल. शेजारी गेली असेल.
संध्याकाळपर्यंत एकही ओळ लिहून झाली नाही. उकाडा फार.

१९ जून
हॉस्पिटल. सकाळी ताईने शेजाऱ्यांकडून दार तोडून घेतलं. आई बाथरूमच्या दाराशी पडलेली. कालपासून. डावी बाजू गेली, वाचाही.
डॉक्टरांनी विचारलं, आठ-दहा दिवस आधीपासून त्रास असणार, कोणाला काही बोलल्या नाहीत का? मी म्हणालो, तसं स्पष्ट काही नाही.
दुपारी आईने उजव्या हाताने माझी बाही धरली. बराच वेळ सोडली नाही. घशातून काहीतरी आवाज काढत होती, पुन्हा पुन्हा तोच.
ताईने विचारलं, काय म्हणतेय रे ती?
मला कळलं नाही.