हातमोज्याविना

१४ मार्च, शनिवार

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार. पाकीट न उघडताच कपाटावर टाकायचा विचार असेल, तर निदान वहिनीला वाचायला दे. ती मला चार शब्द सुनावेल तरी. तू तर वर्षभर तेवढंही केलं नाहीस.

इकडे सगळं ठीक. जिन्यातला दिवा अजून बंदच आहे आणि घरमालकीण अजून "उद्या नक्की" म्हणते आहे. मी चाचपडत वर जाते. वहिनीचा खांदा कसा आहे? आईला उचलून उचलून तो गेला, हे मला ठाऊक आहे. विचारायला तोंड नव्हतं.

"जिवंतपणी आईला हात लावायला आली नाहीस, आता कापायला आलीस," असं तू दवाखान्यात म्हणालास. मेंदूचा नमुना आमच्या प्रयोगशाळेला द्यायला आईनं स्वतः मान हलवून होकार दिला होता, म्हणून दात-ओठ खात तू सही केलीस. तिथे नेमकं काय करतात ते मी कधी नीट सांगितलंच नाही. आता सांगते.

मेंदूचा केसाहून पातळ, गोठवलेला काप काचेच्या पट्टीवर ठेवतात आणि निर्वात पेटीत त्यावर कणांचा झोत सोडतात. पूर्वी एकेकटे अणू मारत. ते इतक्या जोरात घुसायचे की नाजूक रेणूंचा पार भुगा. आमचं यंत्र हजार-दोन हजार अणूंचा पुंजका एकदम सोडतं. जोर सगळ्यांत वाटला जातो, त्यामुळे वरच्या थरातले बरेच रेणू अख्खे सुटतात. त्यांची वजनं करून कुठे काय होतं याचा नकाशा काढायचा. अशा नकाशांतून कळेल, आईच्या आजारात मेंदूतली कोणती चरबी आधी बिघडते. पण जो थर बघितला तो संपला. पुन्हा बघायला मिळत नाही.

नमुन्यांवर नावं नसतात, आकडे असतात. ओळखीचा नमुना आला तर बाईंना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, सांगून बाजूला व्हायचं असा नियम आहे. आईचा आकडा तू सही केलेल्या कागदावर होता. मला तो पाठ होता. मी गप्प बसले.

दादा, थंड पट्टीवर तो काप ठेवला होता. पेटीत सरकवायच्या आधी मी उजव्या हाताचा मोजा काढला आणि त्यावर अंगठा टेकवला. वीस वर्षं नव्या मुलांना ओरडतेय, मोज्याशिवाय हात लावाल तर खबरदार. आणि मीच.

नकाशा पडद्यावर आला तेव्हा शेजारी काम करणारा आमचा खवचट सहकारी म्हणाला, "हे काय, इथे कुणी नांगर फिरवला?" मग जवळ जाऊन, "अहो, हा तर अंगठा आहे! कुणाचा?" मी म्हटलं, माझा. तो हसायचा थांबला.

बाईंनी झोतानंच वरचा थर उतरवून पाहिला. बोटाचा तेलकटपणा गेला, पण माझ्या उबेनं काप वितळला होता आणि रेणू जागचे हलले होते. खाली सगळा गोंधळ. आईचा तो काप मी वाया घालवला.

का केलं, विचारशील. आजारपणात मी यायचं टाळत होते. यंत्र नवं आहे, जबाबदारी माझ्यावर आहे, असं सांगायची. ते खोटं नव्हतं, पण कारण ते नव्हतं. दर खेपेला आईचं काहीतरी एक गेलेलं असायचं, आधी हात, मग बोलणं. मला बघवायचं नाही. तुला तरी कुठे बघवत होतं? पण तू बघितलंस, तिला भरवलंस, कूस बदललीस. मी भित्री आहे, दादा. तुझं बोलणं लागलं, कारण ते खरं होतं.

शीतपेटीत आता शेवटचा एक तुकडा उरला आहे. तुझी आधीची सही पहिल्या तुकड्यापुरतीच होती, हा वापरायला घरच्यांची नव्यानं सही लागते. कागद सोबत ठेवलाय. बाई म्हणाल्या, "नमुना खराब झाला एवढंच लिहा, पुरे." मला तसं लिहवेना. तो तुकडा माझ्याकडे देणार नाहीत. हे काम माझ्याकडून काढून घेतलंय, आणि ते योग्यच झालं.

तू आणि वहिनी ठरवा. नको म्हणालात तर तो परत मागून मी स्वतः घेऊन येईन, आणि आईला जिथे ठेवलं तिथेच आपण तिघं मिळून मातीत देऊ. मी कुणालाही समजवायला येणार नाही.

सही केलीस तर कागद टपालानं पाठव. नाही म्हणायचं असेल तर मात्र फोन कर आणि स्वतःच्या तोंडानं म्हण. नाही तर नाही, पण तुझा आवाज तरी ऐकू दे.

टाकलीस तरी तुझीच,
धाकटी