पान एकेचाळीस

९ जुलै

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण फिरल्याशिवाय भागत नाही. प्राथमिक शाळांत गणित-विज्ञानाची कोणती पुस्तकं वापरतात, याच्या पाहणीचं काम मिळालंय. मुख्याध्यापकांकडून अर्ज भरून घ्यायचा आणि कपाटं उघडून खात्री करायची. अर्जात सगळं नवंकोरं असतं, कपाटात निम्मं जुनंच.

गेल्या सोमवारी एका कपाटात आपलं पुस्तक निघालं. चौथीचं विज्ञान, तुझं-माझं. मला वाटलं होतं, त्या अपघातानंतर सगळ्या प्रती परत गेल्या.

वर्गाच्या बाई म्हणाल्या, "परत पाठवा म्हणून पत्र आलं होतं. पण इतकं सोपं पुस्तक दुसरं नाही, म्हणून ठेवलं."

"आणि एकेचाळिसावं पान?" मी विचारलं.

त्यांनी उघडून दाखवलं. स्पिरिटच्या दिव्याचा प्रयोग. समासात निळ्या शाईने लिहिलेलं: 'दिवा शिक्षकांनीच लावावा. मुलांना लांब बसवावे.' वेलांटी पुढच्या अक्षरावर ओढायची तुझी सवय अजून तशीच आहे, ताई. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस प्रतींत.

वर्गाच्या बाई म्हणाल्या, "एक बाई आल्या होत्या. नाव नाही सांगितलं. दिवसभर त्या बाकावर बसून लिहीत होत्या. चहा दिला, तोही निवून गेला."

पुढच्या तीन शाळांतही तेच. आता कपाटाच्या कडीला हात लावायचा धीर होत नाही. आत तू बसलेली असशील असं वाटतं.

त्या दिव्याने भाजलेले चौथीतल्या मुलीचे हात मी पाहिले नाहीत, तू पाहिलेस. चौकशीत तू म्हणालीस, "ती ओळ माझ्याकडून राहिली." मी शेजारच्याच खुर्चीत होते. तुझी नोकरी गेली, तू निघून गेलीस, आणि बारा वर्षं मी लोकांना सांगत राहिले की ताई हट्टी आहे, संबंधच ठेवत नाही.

ओळ राहिली नव्हती. तू लिहिली होतीस. छपाईला जाताना चित्र पानात बसेना, म्हणून मी ती काटली. तुला न विचारता. तुझा मूळ खर्डा तुझ्याजवळच होता, तो टेबलावर ठेवला असतास तर तू सुटली असतीस. धाकटी म्हणून पाठीशी घातलंस, आणि मी खुशाल घालू दिलं.

काल मी त्या मुलीच्या घरी गेले. एकवीस वर्षांची झालीय. तिच्या आईसमोर सगळं सांगितलं. आई उठून आत गेली. मुलगी बाह्या मनगटापर्यंत ओढत म्हणाली, "मोठ्या बाई दर वर्षी येतात. चूक त्यांचीच, असं सांगतात." मग म्हणाली, "आता त्या आल्या की मी त्यांना काय म्हणू?"

तुझा पत्ता तिनेच दिला.

पाठ्यपुस्तक मंडळाला मी सगळं लेखी कळवलंय, सहीनिशी. त्याची प्रत सोबत आहे. माफ कर असं म्हणत नाही, तोंड नाही तेवढं. फक्त आता तू शाळांमधून फिरू नकोस. राहिलेल्या शाळांत मी जाईन.

ती ओळ काटणारी,
तुझी धाकटी